अकरा दिवस, पंधरा मिनिटं

नोकरी लागली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. हिंगणघाटच्या बाजारात वडिलांचं किराणा दुकान होतं आणि आमच्या घरात तोवर कुणी सरकारी नोकरी केली नव्हती, मुलीनं तर नाहीच. प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन म्हणून नेमणुकीचं पत्र आलं, तेव्हा वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "रोज बसनं जाशील-येशील?" मी हो म्हटलं. केंद्र पाऊण तासावर होतं. एवढीच काय ती चर्चा झाली.

लॅब म्हणजे पूर्वेच्या खिडकीची एक अरुंद खोली. खिडकीखाली ओटा आणि ओट्यावर एका डोळ्यानं बघायचा जुना मायक्रोस्कोप. त्याला दिवा नव्हता, खाली आरसा होता. तो खिडकीकडे वळवून उजेड पकडायचा, ढग आला की थांबायचं. थुंकीचे आणि लघवीचे नमुनेही येत, पण माझं खरं काम मलेरियाचं होतं. गावोगावच्या तापकऱ्यांचं रक्त काचेच्या पट्टीवर पसरून माझ्याकडे येई. ती स्लाइड मी जांभळ्या-निळ्या रंगात बुडवून वाळवायची, तेलाचा थेंब टाकायचा आणि तिचा एकेक तुकडा सरकवत शंभर जागी बघायचं. जंतू सापडला तर रजिस्टरमध्ये लाल शाईनं नोंद.

स्लाइड आणण्याचं काम आरोग्यसेवकांचं. आमच्याकडे चार सेवक होते, त्यांतल्या एकाबद्दल मला सांगायचं आहे. गावातले लोक त्यांना मलेरियावाले भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणायची. चाळिशी ओलांडलेला, बारीक चणीचा माणूस. सायकलच्या कॅरिअरला स्लाइडची लाकडी पेटी बांधलेली असायची. त्यांच्या वाट्याला सात गावं होती आणि त्या सात गावांतलं प्रत्येक घर त्यांना पाठ होतं. कुठल्या घरात किती माणसं, कोण बाहेरगावी कामाला गेलंय, कुठलं कुत्रं चावतं. दाराशी सायकल टेकवून ते विचारत, "कोनाले ताप हाय का जी?" ताप असला की डाव्या हाताच्या बोटाला सुई, काचेवर थेंब, पेन्सिलीनं नंबर आणि हातावर क्लोरोक्विनच्या चार गोळ्या. नाव यादीत. आठवड्याची यादी आणि स्लाइड शनिवारी माझ्या ओट्यावर.

त्या चार गोळ्यांनी बहुतेकांचा ताप उतरे. उतरला तरी आजार गेला असं नसे. स्लाइडमध्ये जंतू निघाला तर भाऊंनी पुन्हा त्या घरी जाऊन पूर्ण औषध द्यायचं, अशी पद्धत होती. सगळं सुरळीत चाललं तर यात आठ दिवस जात. पावसाळ्यात सुरळीत काही चालत नसे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी भादव्यात शेजारच्या केंद्रातला टेक्निशियन महिनाभराच्या रजेवर गेला आणि त्याच्याही स्लाइड माझ्याकडे येऊ लागल्या. त्यात चार दिवस नाल्याला पूर होता, बस आलीच नाही. मी परतले तेव्हा ओट्यावर जागा उरली नव्हती. जुन्या तारखेपासून वाचायला घेतलं. सकाळी साडेदहा ते चार, उजेड असेतोवर. डोळ्यातून पाणी यायचं. एका दुपारी एका स्लाइडवर नजर थांबली. जिथे बघावं तिथे बारीक अंगठ्या, एकेका पेशीत दोन-दोन. हा मेंदूत जाणारा मलेरिया. नंबर यादीशी ताडून पाहिला. स्त्री, वय एकोणीस. रक्त घेतल्याची तारीख बघून मी बोटांवर मोजलं. अकरा दिवस झाले होते.

भाऊ तेव्हा व्हरांड्यात फॉर्म भरत बसले होते. मी यादी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी नंबर वाचला आणि चष्मा काढला.

"हे तर नवीन सून हाय त्या घरची," ते म्हणाले. "वैशाखात लगन झालं. मीच घेतली होती स्लाइड. हसत होती सुईले पाहून."

"आता कशी असंल?"

"काय माहीत. चला."

डॉक्टरांना सांगून आम्ही गोळ्या घेतल्या. भाऊंच्या सायकलवर मागे बसून जायला मला संकोच वाटत होता, पण दुसरा मार्ग नव्हता. गाव अर्ध्या तासावर. तिची सासू अंगणात तूर पाखडत होती. सुनेचं विचारलं तर म्हणाली, "ते माहेरी गेली ना, महालक्ष्म्याच्या सनाले. तुमच्या गोळ्यानं उतरला होता ताप. भाऊ आला तिचा, घेऊन गेला."

"कधी?"

"आठ दिस झाले असतीन. काऊन?"

भाऊंनी तिला समजावलं. गोळ्या अर्ध्याच झाल्या, अजून घ्यायच्या आहेत, ताप उलटू शकतो. सासू ऐकत राहिली आणि मग शेताकडे तोंड करून तिनं मुलाला हाक मारली. सुनेचा नवरा आला. पंचवीसेक वर्षांचा, पायाला चिखल. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि म्हणाला, "मी येतो तुमच्यासंग."

तिचं माहेर वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. त्या गावात फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दोन बस बदलून निघालो. आमच्या केंद्राच्या हद्दीबाहेर जायचा मला काही अधिकार नव्हता, डॉक्टर मात्र "जा" एवढंच म्हणाले होते. गोळ्यांचं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. वाटेत नवऱ्यानं एकदाच विचारलं, "हे गोळ्या घेतल्या का लगेच बरं वाटते?" मी म्हटलं, "दोन-तीन दिवसांत." तो खिडकीबाहेर बघू लागला.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तिच्या माहेरच्या घराला कुलूप होतं. कुलूप बघूनच भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. जावयाला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला.

"काल सकाळी वर्ध्याले नेलं बापा तिले," ती म्हणाली. "जीप करून. झटके येऊन राह्यले होते. वळखत नोती कोनाले."

म्हणजे आदल्या दिवशी आम्ही तिच्या सासरच्या अंगणात उभे होतो तेव्हा ती वर्ध्याला पोचलेलीही होती. नवरा जसा उभा होता तसाच एसटी स्टँडकडे चालू लागला. आम्ही त्याच्या मागे. वर्ध्याची बस आली तेव्हा भाऊ त्याला म्हणाले, "डॉक्टरले सांगजो, मलेरिया निघाला स्लाइडमध्ये. हे कागद दाखवजो." मी रिपोर्टचा कागद त्याच्या हातात दिला. गोळ्या दिल्या नाहीत. आता त्यांचा उपयोग नव्हता हे मला कळत होतं, पाकीट मी पर्समध्येच ठेवलं.

ती त्याच दिवशी गेली. बस वर्ध्याला पोचायच्या आत.

तो नवरा पंधरा दिवसांनी केंद्रात आला. डोक्याचे केस काढलेले होते. लॅबच्या दारात उभा राहिला. मी स्टूल पुढे केलं, तो बसला नाही.

"तिचं रक्त कधी घेतलं होतं?" त्यानं विचारलं.

मी तारीख सांगितली.

"अन् तुमी कधी पाह्यलं?"

मी तीही सांगितली. तो मनाशी मोजत होता. मला वाटलं आता काही बोलेल, ओरडेल. मी तयार होते. ढीग, पूर, रजेवरचा माणूस, सगळं सांगायला तोंडाशी आलं होतं.

"अकरा दिवस," तो म्हणाला. मान हलवली आणि निघून गेला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

महिनाअखेरीला रजिस्टर पूर्ण करायचं होतं. लाल शाईच्या प्रत्येक नोंदीपुढे पूर्ण औषध दिल्याची तारीख लिहायचा रकाना असे. तिच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. क्लार्क म्हणाला, "म्याडम, खाली ठेवू नका, वरून विचारतात." मी त्यात "मृत" असं लिहिलं. वरून विचारणा आलीच, उशीर का झाला म्हणून. मी दोन पानी खुलासा पाठवला. पुढे काहीच झालं नाही. मला शिक्षा झाली नाही आणि दुसरा टेक्निशियनही मिळाला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं पावसाळा आला की माझ्या ओट्यावर स्लाइडचा ढीग लागायचा. त्यांतली कोणती आधी बघायची हे काचेकडे पाहून कळत नसे, आणि मी कुठूनतरी सुरुवात करायची.

मलेरियाच्या झटपट तपासणीचा किट मी पहिल्यांदा पाहिला तो बऱ्याच वर्षांनी, नवं शतक लागून गेल्यावर. वर्ध्याला प्रशिक्षण होतं. जिल्ह्याच्या साहेबांनी पाकीट फाडून एक पट्टी काढली, आपल्याच शिपायाच्या बोटातून थेंब घेतला, दुसऱ्या टोकाला औषधाचे थेंब टाकले आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं. एक रेषा आली तर किट चालू आहे, दोन आल्या तर मेंदूत जाणारा मलेरिया. मायक्रोस्कोप नको, रंग नको, वीज नको. दुसऱ्या जातीचा मलेरिया यात कळत नव्हता, त्याला स्लाइडच लागणार होती. पण ज्यानं माणूस मरतो तो कळणार होता, रुग्णाच्या अंगणातच.

शिपायाला एकच रेषा आली. सगळे हसले. मी हसले नाही. भाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. आता त्यांचे केस पांढरे झाले होते आणि सायकलची मोपेड झाली होती. ते हळूच म्हणाले, "ताई, हे तवा असतं तर." आम्ही त्या मुलीबद्दल इतक्या वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. मी म्हटलं, "हो."

पहिल्या पावसाळ्यात मी हट्टानं भाऊंबरोबर गावात गेले. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारी एक बाई, दोन दिवसांपासून थंडी वाजून ताप, ओसरीवर गोधडी घेऊन पडलेली. भाऊंनी पट्टी जमिनीवर ठेवली. आम्ही, तिची जाऊ आणि दोन पोरी त्या पट्टीभोवती बसलो. आधी एक रेषा आली. मग बारीक, गुलाबी, दुसरी. मी नवीन गोळ्यांचा डोस तिथेच दिला, माझ्यासमोर तिनं तो पाण्याबरोबर गिळला. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बसलेली भाऊंना दिसली. त्यांनी मोपेड थांबवून केंद्रावर फोन केला. मोबाइल तेव्हा नवेच होते आणि ते फोनवर फार मोठ्यानं बोलत. "बसली हाय जी, भाकर करून राह्यली," ते म्हणाले. मी फोन ठेवून लॅबचं दार लावून घेतलं आणि थोडा वेळ रडले. माझ्या नोकरीतला तेवढा एक पावसाळा मी आनंदात काढला.

पुढच्या वर्षीचे किट एप्रिलमध्ये आले. औषधांच्या खोलीला पत्र्याचं छप्पर होतं. मे महिन्यात रंगाची बाटली आणायला मी तिथे गेले, तर ते खोके वरच्या फळीवर पत्र्याला टेकलेले. बाहेर ऊन असं की दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. खोक्यावर किती अंशांच्या खाली ठेवायचं ते छापलेलं होतं. मी फार्मसिस्टला दाखवलं.

"फ्रिजमध्ये लसी भरल्या आहेत," तो म्हणाला. "कुठं ठेवू? तुमच्या लॅबमध्ये ठेवता का?"

माझ्या लॅबचंही छप्पर पत्र्याचंच होतं. आम्ही दोघांनी मिळून खोके खालच्या फळीवर आणले, वरून ओलं पोतं टाकलं. दोन दिवस मी पोतं भिजवलं. मग पुतणीच्या लग्नासाठी सुट्टी घेऊन माझ्या सख्ख्या भावाच्या घरी गेले आणि परत आल्यावर ते माझ्या लक्षातून गेलं.

सप्टेंबरच्या एका मंगळवारी भाऊ अकरा वाजता लॅबमध्ये आले. हेल्मेट न काढताच स्टुलावर बसले. डोळे लाल.

"ताई, मलेच ताप हाय. रात्रीपासून. म्हटलं आधी आपलं रक्त पाहावं, मग लोकाचं."

त्यांनी स्वतःच डावं बोट पुढे केलं. मी सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला. त्याच बोटातून सवयीनं स्लाइडही केली. नंबर टाकला आणि वाळत ठेवली. मग आम्ही पंधरा मिनिटं बसलो. ते त्यांच्या मुलाविषयी बोलत होते. त्यानं वर्ध्याजवळ पिपरी मेघेला प्लॉट घेतला होता, पुढच्या वर्षी घर बांधणार होता. रेषा आली. आम्ही दोघंही वाकून बघत होतो. वीस मिनिटं झाली, अर्धा तास. एकच रेषा.

"नाई आली ना दुसरी?" भाऊ म्हणाले. "मंग झालं. साधा ताप हाय." त्यांनी तापाची गोळी घेतली.

"घरी जा," मी म्हटलं.

"एका गावची यादी बाकी हाय. ते करतो अन् जातो."

मी त्यांना अडवलं नाही. ते गेल्यावर त्यांची स्लाइड उचलून रॅकमध्ये ठेवली. रॅकमध्ये साठ-सत्तर स्लाइड होत्या. ज्यांचा किट निगेटिव्ह, त्यांची स्लाइड शेवटी, असा नियम मीच केला होता. म्हणून मी ती शेवटी ठेवली. बुधवारी तालुक्याला बैठक होती. गुरुवारी सकाळी कामाला लागले. मधूनच रॅकच्या टोकाकडे नजर गेली होती, हे मी नाकारणार नाही. पण किटनं सांगितलं होतं, आणि मला किटवर विश्वास ठेवायचा होता.

दुपारी तीनच्या सुमाराला त्यांची स्लाइड भिंगाखाली आली. मी पहिल्या जागेवरच थांबले. त्याच बारीक अंगठ्या. नंबर पुन्हा वाचला. मग दुसरी जागा, तिसरी. मला शंभर मोजायची गरज नव्हती.

डॉक्टरांना सांगायला मी धावत गेले. त्यांनी लगेच फोन लावला. तो भाऊंच्या बायकोनं उचलला. डॉक्टरांनी तो माझ्या हातात दिला.

"ताई, कालपासून उलटसुलट बोलून राह्यले," त्या म्हणाल्या. "लघवी लाल झाली. आता गाडी केली, सावंगीले घेऊन चाललो."

"मलेरिया आहे त्यांना," मी म्हटलं. "डॉक्टरांना सांगा. मलेरिया."

मग त्या म्हणाल्या, "ते तर म्हनत होते, तपासून आलो, नाई निघाला."

शुक्रवारी मी सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात गेले. काचेच्या दाराआड ते पलंगावर होते, नाकातोंडात नळ्या, अंग पिवळं. किडनी काम करत नव्हती. बायको बाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी. मी शेजारी बसले. काय बोलायचं हे बसमध्ये ठरवून आले होते. उन्हानं किट खराब झाले असतील, त्यात आपला दोष नाही, असं काहीतरी.

त्या आधी बोलल्या. "तुमीच तपासलं होतं ना ताई, म्हनून मी निवांत होती. बुधवारी बडबड करत होते तरी म्हटलं, साधा ताप हाय, डोक्यात गेला असंल. त्यायच्यावर नाई, माह्यावर तुमचा भरोसा होता." मग त्यांना जाणवलं की शब्द उलटे झाले. "म्हंजे माहा तुमच्यावर," त्या म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. मी ठरवून आणलेलं एक वाक्यही बोलले नाही. चार वाजता त्यांनी मला डब्यातली अर्धी पोळी खायला लावली.

शनिवारी केंद्रात येऊन मी ते खोकं बाहेर काढलं. त्या आठवड्यात स्लाइडवर मेंदूत जाणारा मलेरिया निघालेले तीन लोक होते. ते औषधासाठी केंद्रातच होते. त्यांच्या परवानगीनं प्रत्येकाचा एक थेंब मी पट्टीवर टाकला. दोन पट्ट्यांवर एकच रेषा आली, म्हणजे रक्तात जंतू असून किटला तो दिसत नव्हता. तिसरीवर दुसरी रेषा होती की नव्हती, हे मला आणि डॉक्टरांना खिडकीपाशी नेऊनही ठरवता येईना. डॉक्टरांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं, मी पट्ट्या लिफाफ्यात घालून जोडल्या. चार-पाच दिवसांनी फोनवर कळलं की नवीन किट मागवले आहेत, तोवर आहेत ते वापरा.

"हे वापरायचे?" मी डॉक्टरांना विचारलं.

ते तरुण होते, दीड वर्षापूर्वीच रुजू झालेले. त्यांनी हात टेबलावर ठेवले. "काय करू मॅडम? सेवकांना मी सांगू शकतो, किटवर अवलंबून राहू नका, स्लाइड घ्या. पण मग स्लाइड कोण बघणार?"

त्या महिन्यात मी शेवटच्या बसपर्यंत थांबले, रविवारी आले. तरी ढीग सरला नाही. निगेटिव्ह शेवटी हा नियम मी मोडला. पण मग आधी काय? मी पुन्हा कुठूनतरी सुरुवात करू लागले. एका काचेवर बसले की दुसऱ्या काचा दिसत राहत. नवीन किट डिसेंबरात आले. थंडी पडली होती, तापाचे रुग्ण कमी झाले होते. मी ते खोके जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवले.

भाऊ जगले. सहा आठवडे ते सावंगीला होते, त्यांतले बरेच दिवस डायलिसिसवर. किडनी हळूहळू सुधारली. फेब्रुवारीत ते कामावर रुजू व्हायला आले. मुलगा मोटारसायकलवर घेऊन आला होता. डॉक्टरांनी त्यांना एका गावाचं नाव सांगून विचारलं, तिथल्या किती घरांत जायचं असतं. भाऊ बोटांवर मोजायला लागले आणि थांबले. मग म्हणाले, "गाव माह्याच हाय का ते?" सात गावांतली सगळी घरं ज्या डोक्यात होती त्यात आता ती राहिली नव्हती. त्यांनी वेळेआधीच नोकरी सोडली. निरोपसमारंभाला मी बसायची व्यवस्था करत होते, त्या निमित्तानं बाहेरच राहिले.

पिपरी मेघेला मुलाचं घर पूर्ण झाल्यावर मी एकदा त्यांना भेटायला गेले. दुपारची वेळ होती. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर ते बसले होते. तब्येत बरी दिसत होती, अंगावर मांस आलं होतं. मला ओळखलं. "ताई," म्हणाले, "या, बसा." बायको पाणी ठेवून आत गेली.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, "मले त्या दिवसाचं काईच आठवत नाई. तुमच्याकडे आलतो म्हनते घरची. आपन तपासलं होतं का?"

मी त्यांना सांगायचं म्हणूनच आले होते. दोन वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, आईला नाही. मी सांगितलं. किट निगेटिव्ह आला. स्लाइडही केली होती. ती मी शेवटी ठेवली. मंगळवारी दुपारी बघितली असती तर त्याच दिवशी कळलं असतं, आणि माझ्या हातात दुपारभर वेळ होता. मी गुरुवारी बघितली. खोके पत्र्याखाली होते ते मेमध्येच मी पाहिलं होतं, तेही सांगितलं.

त्यांनी सगळं नीट ऐकलं. शेवटी विचारलं, "जंतू किती होते?"

"भरलेली होती स्लाइड," मी म्हटलं. "पहिल्याच जागेत."

"हं," ते म्हणाले. रस्त्यावरून दूधवाला गेला, त्याच्याकडे ते बघत राहिले. मला हलकं वाटायला लागलं होतं. ते काय म्हणतील याची वाट बघत मी बसले.

आतून चहा आला. त्यांनी बशीत ओतून प्यायला, मिशी पुसली. प्लॉटच्या मागे बोअर मारली तिला पाणी किती फुटावर लागलं ते सांगितलं. मग खुर्ची माझ्याकडे सरकवून त्यांनी पूर्वीसारख्या खालच्या आवाजात विचारलं,

"ताई, मले त्या दिवसाचं काईच आठवत नाई. आपन तपासलं होतं का?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरंच प्रश्न होता. दारात त्यांची बायको उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तिला याची सवय असावी.

सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला मी तोंड उघडलं, पण ते जमलं नाही.

"हो भाऊ," मी म्हटलं. "तपासलं होतं. दुसरी रेषा आली नव्हती."

"मंग झालं," ते म्हणाले आणि मागे टेकून बसले.

मी आणखी पाच मिनिटं बसले. मग पर्स उचलली, बायकोला येते म्हटलं आणि बस थांब्यापर्यंत चालत गेले.